नुसत्या बाईची मालिश

दादरच्या त्या दुकानात मला जो ‘सेल्फ-केअर हॅम्पर’ दाखवला, त्यात बाथ सॉल्ट होतं, सुगंधी मेणबत्त्या होत्या, लॅव्हेंडरचं तेल होतं, डोळ्यांवर बांधायची सॅटिनची पट्टी होती आणि ‘इंटिमेट वॉश’ लिहिलेली एक गुलाबी बाटली होती. जांभळं खोकं, वर सोनेरी रिबीन. काउंटरवरची मुलगी पाठ केल्यासारखं सांगत होती, “सर, मॅडमनी टब भरायचा, सॉल्ट टाकायचं, कँडल्स लावायच्या, लाइट बंद करायचा आणि अर्धा तास फक्त रिलॅक्स.”

डोंबिवलीतल्या आमच्या घरात टब एकच आहे आणि त्यात कायम कपडे भिजत असतात. बाथरूम इतकं अरुंद की मेणबत्ती ठेवायची तर गीझरवरच ठेवावी लागेल. “बादलीत टाकलं तर चालेल का?” मी विचारलं. मुलगी जरा गडबडली. “चालेल ना सर. मग मॅडम पाय बुडवून बसू शकतात.” बादलीत दोन पाय घालून स्टुलावर बसलेली माझी बायको मी डोळ्यांसमोर आणली. त्या अर्ध्या तासात दारावर पडणाऱ्या थापाही ऐकू आल्या. आईची, लेकीची, आणि खरं सांगायचं तर माझीही. हॅम्पर तिथेच ठेवला.

हे सगळं पाडव्याच्या ओवाळणीसाठी चाललं होतं. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा मुहूर्त. बायको ओवाळते, नवरा तबकात काहीतरी टाकतो. इतकी वर्षं मी पाकीट टाकत आलो. त्या पाकिटातले पैसे पुढे कुठे जातात हे मला माहीत आहे, कारण घरखर्चाची वही मीच लिहितो: लेकीच्या क्लासचा हप्ता, आईच्या गुडघ्याचा पट्टा, मिक्सरचं भांडं. म्हणून यंदा ठरवलं होतं की असं काहीतरी द्यायचं, जे घराच्या कामी येणार नाही, फक्त तिच्या अंगी लागेल.

ती दमली आहे हे कळायला मला काही विशेष नजर लागली नव्हती. नवरात्रात ती ऑफिसहून आली, चप्पल काढायला भिंतीला टेकली आणि उभ्या उभ्या डुलकी लागून तिचं डोकं मीटरच्या खोक्यावर आपटलं. पहाटे उठून चार डबे, मग आईचं औषध, मग फास्ट लोकल, फोर्टातली बँक, परतीची लोकल, येताना स्टेशनबाहेरून भाजी. मी लेखापरीक्षणाच्या कामात आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट आकड्यांत पाहिल्याशिवाय मला पटत नाही. केंद्र सरकारची २०२४ सालची वेळेच्या वापराची पाहणी मी उघडून बघितली. घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. माणसं सांभाळण्यात बायकांची १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. आणि ही सरासरी ते काम करणाऱ्यांचीच आहे. जे गृहस्थ घरात काडीही हलवत नाहीत ते त्या ८८ मध्ये धरलेले नाहीत. ८८ चा आकडा वाचून मला आधी माझाच अभिमान वाटला होता, ही तळटीप वाचेपर्यंत.

हॅम्परनंतर मी रानडे रोडला वळलो. अंतर्वस्त्रांच्या दुकानात जायचं हे घरून ठरवून निघालो होतो, पण दुकानाशी आल्यावर मी शेजारच्या दुकानातल्या पणत्या बघायला लागलो. मग बळ एकवटून आत गेलो. काउंटरमागे माझ्या आईच्या वयाच्या बाई होत्या, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांना माझ्यासारखी गिऱ्हाइकं नवी नसावीत.

“साइज?”

“मध्यम,” मी म्हटलं.

“अहो, टी-शर्ट आहे का तो?”

त्यांनी मला जे सांगितलं ते मी पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं, आणि आज कोणी विचारलं तर मी न अडखळता सांगू शकतो. आकडा हा छातीखालचा घेर, इंचांत. अक्षर म्हणजे कप. छातीवरून घेतलेलं माप आणि छातीखालचं माप यांतला फरक एक इंच असेल तर ए, दोन इंच बी, तीन सी, चार डी. आकडा एका मापाने खाली आला की अक्षर एकाने वर जातं, म्हणजे ३६ बी आणि ३४ सी यांचा कप जवळपास तेवढाच, पट्टा मात्र वेगळा. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक सैल होत जातं तसं आतल्या हुकांवर यायचं असतं. “आणि एकदा पाकीट फोडलं की परत घेत नाही,” त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. “एक काम करा. वहिनींची रोजच्या वापरातली एक बघा, आतल्या लेबलवर असतं लिहिलेलं. नाहीतर सरळ टेप घेऊन माप घ्या. नवराच आहात ना?”

रविवारी मी गॅलरीत दोरीखाली उभा राहिलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बायकोची अंतर्वस्त्रं वाळताना मी कधी पाहिलेलीच नाहीत. माझ्या बनियन दोरीवर झेंड्यासारख्या फडफडत असतात. तिचे कपडे टॉवेलच्या आत, टॉवेलवर परत एक ओढणी, असे सावलीत दडपून वाळत होते. तिच्या आईनेही तसेच वाळवले असणार, माझ्या आईनेही. मी टॉवेल उचलला. लेबल होतं, पण धुऊन धुऊन कोरं झालेलं. एका पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली, दुसरीचा हुक वाकलेला, इलॅस्टिक ओढलं तर ओढलेलंच राहिलं. शेजारी लेकीची नवी कोरी, दुकानातून परवाच आणलेली. घरात कोणासाठी काय कधी घेतलं ते माझ्या वहीत असतं. बायकोसाठी अशी नोंद वहीत नव्हती, कारण खरेदीच झालेली नव्हती.

ऑफिसातल्या एका सहकारी बाईंना मी धीर करून विचारलं, की या गोष्टी बायका घेतात तरी कुठे आणि कधी. त्या म्हणाल्या, “ट्रेनमध्ये.” मला ते गमतीत वाटलं. पण लेडीज डब्यात एक अख्खा बाजार भरतो आणि आम्हा पुरुषांना त्याची गंधवार्ता नसते. क्लिपा, टिकल्या, कानातली, रुमाल, गाऊन, निकर, आणि परतीच्या गाडीत निवडून ठेवलेली भाजीही. विकणारीही बाईच बहुतेक, टोपली किंवा आकडे लावलेली काठी घेऊन एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाणारी. पश्चिम रेल्वेने १९९२ साली लेडीज स्पेशल सुरू केली तेव्हा तिचं कौतुक झालं होतं, पण त्या गाडीत काय काय घडतं याची नोंद कोण ठेवतो? घाटकोपर ते ठाणे उभ्याने, एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने गाऊनचं कापड चाचपून बघायचं, ही माझ्या बायकोची स्वतःसाठीची खरेदी. हे ऐकल्यावर सॅटिनच्या पट्टीची किंमत मला अजूनच जास्त वाटायला लागली.

गाऊनकडेही मी वळलो होतोच. सॅटिनचा, लेसवाला, फिक्या गुलाबी रंगाचा एक गाऊन पुतळ्याला घातला होता. दुकानदार म्हणाला, “प्युअर फेस्टिव्ह पीस. फक्त हाताने धुवायचा, थंड पाण्यात, पिळायचा नाही.” हे वाक्य ऐकताच माझ्या डोक्यात पहिल्यांदा तो प्रश्न आला, जो मी पुढे प्रत्येक वस्तूला विचारत गेलो: याचं काम कोणाला? हा गाऊन हाताने कोण धुणार? बाथ सॉल्टचा चिकट थर फरशीवरून कोण घासणार? मेणबत्तीचं ओघळलेलं मेण कोण खरवडणार? दमलेल्या बाईला द्यायच्या भेटींत दहातल्या आठ वस्तू तिच्या कामाच्या यादीत एकेक ओळ वाढवणाऱ्या निघाल्या. उरलेल्या दोन तिने वापरायच्या कधी हे कोणी सांगत नव्हतं.

यातून सुटका होईल म्हणून मी काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. दिवाळी आहे, अभ्यंगस्नान आहे, आपली परंपरा मुळातच अंगाची काळजी घेणारी, असं काहीसं माझ्या मनात होतं. दुकानात वास असा, की बाहेरच्या रस्त्यावरचा धूर आत यायची हिंमत करत नव्हता. मालकांनी उटण्याचा कागद उघडून एकेक सांगायला सुरुवात केली: आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, चंदन, अनंतमूळ, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, वर मसुराचं पीठ. “तयार पाकिटात पीठच जास्त असतं,” ते म्हणाले, आणि मला खरं वाटलं. तेल कुठलं, तर लाकडी घाण्याचं तिळाचं. कारण विचारल्यावर त्यांनी थेट वाग्भट काढला. अष्टांगहृदयाच्या दिनचर्येच्या अध्यायात म्हणे अभ्यंग रोज करावा असं सांगितलं आहे, त्याने म्हातारपण, श्रम आणि वात दूर राहतात, आणि डोकं, कान व पाय यांना तेल विशेष लावावं. मी नंतर ताडून पाहिलं, तसंच आहे. श्रम हा शब्द तिथे आहे. फक्त श्रम करणाऱ्याला तेल कोणी लावायचं, एवढंच वाग्भट सांगत नाही.

कारण आमच्या घरातली नरकचतुर्दशी मला आठवत होती. पहाटे सर्वांत आधी ती उठते. तेल कोमट करते, उटणं दुधात कालवते, पाट मांडते, भोवती रांगोळी काढते. आईच्या पाठीला तेल, लेकीच्या डोक्याला तेल, माझ्या पाठीला तेल. पाडव्याला तर रीतसर बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं. मग सगळे मोती साबणाच्या वासात फराळाला बसतात आणि ती उरलेलं उटणं स्वतःच्या हातांना फासून घाईघाईने आंघोळ उरकते, कारण मोरीत सांडलेलं पीठ सुकायच्या आत काढलं नाही तर चिकटून बसतं. दिवाळी ही शरीराचे लाड करण्याचा सण आहे यात शंकाच नाही. लाड होतात ते चौघांतल्या तिघांचे.

“आमच्या वेळी माहेरी गेलं की आई डोक्यावर तेल थापायची,” आई म्हणाली, मी विषय काढल्यावर. “तेवढंच.” बायकोचं माहेर आता तसं उरलेलं नाही. तिची आई गेली, भाऊ बंगळूरला.

या टप्प्यावर मी धाकट्या बहिणीला फोन केला. ती कल्याणला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे आणि कुणाचीही भीड ठेवत नाही. गुलाबी बाटलीचं नाव काढताच ती फोनवरच ओरडली. “दादा, ते मुळीच आणू नकोस. ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः ठेवते. आत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात, ते आम्लता टिकवतात, पीएच ३.८ ते ४.५. त्यात साबण आणि सेंट घातला की तेच आधी मरतात. मग खाज, मग स्राव, मग गोळ्या. बाहेरून साधं पाणी पुरतं. चाळिशीनंतर कोरडेपणा येतो, त्याला वेगळी औषधं आहेत, पण ते डॉक्टरीणबाईंना विचारून. वास मारायची बाटली हा उपाय नाही.” मी निमूट ऐकत होतो. बहिणीच्या तोंडून हे ऐकताना कानशिलं तापतात, पण मग हे मला कोण सांगणार होतं? बायकोने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

“आणि वहिनीला दम लागतो का जिना चढताना?”

“लागतो. लिफ्ट बंद असते म्हणून.”

“लिफ्ट बंद असली तर तुला लागतो का?”

मी गप्प.

“सीबीसी आणि टीएसएच. सगळ्यांत आधी. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत निम्म्याहून जास्त जणींना ॲनिमिया आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४ टक्के आलाय. तू उटणं काय घेऊन बसलायस?”

पाडव्याच्या तबकात लॅबची पावती ठेवायची? मला ते फारच रुक्ष वाटलं. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, “तू बघूच नकोस. मी भाऊबीजेला येते तेव्हा सुई घेऊन येते.”

मालिशवाल्या मावशींचं नाव मला आमच्या खालच्या मजल्यावरून मिळालं. तिथल्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा त्या सव्वा महिना रोज यायच्या. आधी बाळ, मग बाळंतीण, मग शेक, मग ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. जिन्यात तो वास यायचा. माझ्या बायकोचंही असं झालं होतं, लेक झाली तेव्हा, तिच्या माहेरी. सतरा वर्षांपूर्वी. मराठी बाईच्या अंगाला दुसऱ्या कोणी निवांतपणे, तिच्यासाठी म्हणून तेल लावण्याचा तो एकमेव सरकारमान्य काळ. त्यानंतर पुढच्या बाळंतपणापर्यंत काही नाही, आणि पुढचं बाळंतपण नसेल तर कधीच नाही.

मावशी स्टेशनच्या पुलाखाली भेटल्या. दोन बाळंतिणींच्या मध्ये त्यांना वेळ होता.

“किती दिवसांचं बाळ?”

“बाळ नाही. माझ्या मिसेसची करायची आहे.”

“पडल्यात का? पॅरालिसिस?”

“नाही. बरी आहे ती. दमलीय.”

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नुसत्या बाईची मालिश कोण सांगत नाय ओ,” त्या म्हणाल्या. “बाळंतीण असती, नायतर म्हातारी. दमलेल्या तर आम्ही पण हाय.” मग हसल्या. दर सांगितला, आणि तो हॅम्परच्या अर्ध्याहून कमी होता. पाडव्याला नाही जमणार, स्वतःच्या घरची दिवाळी आहे. भाऊबीज झाल्यावरचा रविवार. त्यांच्या अटीही होत्या: तेल तिळाचं, कोमट. जुनी चादर, खाली प्लास्टिक. खोलीचं दार आतून बंद. नंतर गरम पाण्याची आंघोळ, साबण न लावता, डाळीच्या पिठाने. “आणि मग झोपू द्यायचं. कोणी उठवायचं नाय. चहा पाहिजे का विचारायला पण नाय.”

भांड्यांच्या बाजारातून, तांबाकाट्यावरून, मी एक काशाची वाटी आणली. ती माझ्या हट्टाखातर. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ ला २२, असं तिथल्या माणसाने सांगितलं आणि वाटी बोटाने वाजवून दाखवली. चांगल्या काशाचा नाद बराच वेळ टिकतो. तळपायाला तेल लावून ती वाटी गोल गोल घासायची. तळवे काळे झाले की अंगातली उष्णता निघाली असं मानतात. मला ते तेल आणि धातू एकमेकांवर घासल्याचा काळेपणा वाटतो, पण मी हे कोणाला बोललो नाही.

पाडव्याला तबकात मी तीन गोष्टी ठेवल्या: वाटी, कागदावर लिहिलेली रविवारची तारीख आणि शिंपी वापरतो तसला मोजायचा टेप. बायकोने वाटी पाहिली, तारीख वाचली आणि टेप दोन बोटांत उचलून विचारलं, “हे काय? शिवणकाम शिकायचंय मी?” आईसमोर मला काही सांगता येईना. लेक हसायला लागली. तिला बहुतेक कळलं होतं.

रात्री दार लावून तिला रानडे रोडच्या बाईंचं सगळं सांगितलं, पाकिटावरच्या टिपणासकट. ती आधी लाजली, मग चिडली, “तू दोरीवरचे कपडे उचलून बघत होतास?” आणि मग हात वर करून उभी राहिली. “घट्ट ओढू नकोस. श्वास सोडू दे.” वर्षानुवर्षं ती छत्तीस बी वापरत होती. माप आलं चौतीस आणि फरक तीन इंचांचा, म्हणजे चौतीस सी. मी लेखापरीक्षक असल्याने दोनदा मोजलं. “म्हणजे पट्टा रोज वर सरकायचा तो म्हणून?” ती म्हणाली. “मला वाटायचं माझी पाठच तशी आहे.” पुढच्या शनिवारी ती एकटीच दादरला गेली. मला बरोबर घ्यायला तिने साफ नकार दिला, पैसे मात्र घेतले. चार आणल्या. वहीत आता नोंद आहे.

वाटीचं काम मात्र माझंच. त्याच रात्री मी तिच्या उजव्या तळपायाला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत ती घोरायला लागली. डावा पाय दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून माझा नियम झालाय की रोज एक पाय. दोन्ही पाय केले तर माझेच हात भरून येतात.

भाऊबीजेला बहीण खरोखर सुई घेऊन आली. ओवाळून झालं, लाडू खाऊन झाला. सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. मग स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने वहिनीच्या दंडाला पट्टा बांधला. दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला: थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन ९.६. बाईमाणसाला निदान बारा हवं. बायको म्हणाली, “तरीच.” नंतर तिने डॉक्टरीणबाईंना जे सांगितलं ते मी बाहेरच्या बाकावर बसून अर्धवट ऐकलं. वर्षभर पाळीत खूप जात होतं, दोन-दोन पॅड लावून ती लोकलने जात होती, आणि घरात हे कोणालाही माहीत नव्हतं. सोनोग्राफी सांगितली, लोहाच्या गोळ्या सांगितल्या. गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची आणि गोळीच्या आगेमागे तासभर चहा नाही. चहाची अट तिला सर्वांत जड गेली. सकाळचा पहिला चहा हीच तिच्या दिवसातली एकटीची वेळ होती.

रविवारी मावशी आल्या. बायकोने त्यांना पाणी दिलं, चिवडा दिला, आणि जे मी मनात धरलंच होतं ते केलं. “आईंचे गुडघे दुखतात हो फार. त्यांनाच करा ना आज. माझं काय, मी बरी आहे.” आई आतून उठून यायला लागलीसुद्धा. मावशींनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. “आजींचं पुढल्या टायमाला. आज तुमचा नंबर. चला आत.” आणि दार लागलं.

पुढचा सव्वा तास माझा. भात, आमटी, बटाट्याची भाजी, पापड. पोळ्या मला येत नाहीत म्हणून पोळी-भाजी केंद्रातून आणल्या. आईला वाटलं बायको आजारी आहे. तिने दोनदा दार वाजवायचा प्रयत्न केला, दोनदा मी आडवा गेलो. आतून मावशींचा आवाज येत होता, बारीक सुरात त्या काहीतरी सांगत होत्या, आणि एकदा दोघी मोठ्याने हसल्या. बायकोचं असं हसणं घरात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

आंघोळ करून ती झोपली ती चारपर्यंत. लेकीने तिचा फोन माझ्याकडे दिला आणि मी तो बंद केला. चादर मी भिजवली. तेलाची चादर सरळ मशीनमध्ये टाकायची नसते. आधी गरम पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून तासभर भिजवायची, मग हाताने चोळायची, मग मशीन. हे मला मावशींनी सांगितलं, कारण बायको सांगायला जागी नव्हती. बाथरूमची फरशीही डाळीच्या पिठाने आणि तेलाने बरबटली होती. मी घासली.

संध्याकाळी उठल्यावर तिने पहिलं विचारलं, “किती दिले त्यांना?” मी आकडा सांगितला. तिला तो फारच कमी वाटला. सव्वा तासाची मेहनत, वर प्रवास, आणि मावशींना स्वतःला मणक्याचं दुखणं आहे, हे तिला आत गप्पांत कळलं होतं. मावशींना स्वतःला शेवटचं तेल लागलं ते त्यांच्या धाकट्या लेकाच्या वेळी, सासूच्या हातचं. त्यानंतर आजवर नाही.

पुढच्या महिन्याची तारीख बायकोने स्वतःच फोन करून घेतली आणि दर शंभर रुपयांनी वाढवूनही दिला. हा खर्च ओवाळणीत धरायचा की घरखर्चात, यावरून आमची वही अजून अडली आहे. ती म्हणते औषधपाण्याच्या रकान्यात टाक.